विश्लेषण : हेलिकॉप्टरमध्ये बिघाड नसतो, तरी ते डोंगरावर का आदळते?

न्हावा शेवा : पुण्याच्या बावधनपासून मुंबईच्या जुहूपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती साधारण १२० किलोमीटर भरते. लोणावळ्याजवळ घाट ओलांडून ती कोकणात उतरते, पनवेल आणि उलव्यावरून, न्हावा शेवा बंदर डाव्या हाताला ठेवत खाडी पार करते आणि मुंबईत शिरते. रस्त्याने तीन-चार तास खाणारा हा प्रवास हेलिकॉप्टरला जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचा.

२ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी हेरिटेज एव्हिएशनचे ऑगस्टा १०९ हेलिकॉप्टर याच प्रवासाला निघाले होते. जुहूहून रायगडचे खासदार सुनील तटकरे त्यात बसणार होते. मात्र घाट तर दूरच, बावधनच्या टेकड्याही त्याला ओलांडता आल्या नाहीत. उड्डाणानंतर काही मिनिटांतच ते कोसळले आणि पेटले. दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे मृत्युमुखी पडले. परिसरात त्या वेळी धुके होते.

याच्या बरोबर ३९ दिवस आधी, २४ ऑगस्टला, जुहूहून हैदराबादकडे निघालेले ग्लोबल व्हेक्ट्रा कंपनीचे एडब्ल्यू १३९ हेलिकॉप्टर मुळशी तालुक्यात पौडजवळ भर पावसात कोसळले होते. त्यातले चौघेही वाचले, हे नशीबच. आणखी मागे गेले तर २९ सप्टेंबर २०१३ ची घटना आहे. जुहूहून औरंगाबादकडे निघालेले युनायटेड हेलिचार्टर्सचे हेलिकॉप्टर मुरबाडच्या डोंगरात पडले आणि पाच जणांचा जीव गेला.

या प्रत्येक अपघाताचे कारण वेगळे असू शकते आणि ते ठरवणे तपास यंत्रणेचे काम आहे. पण डोंगराळ भागातल्या हेलिकॉप्टर अपघातांचे जे अधिकृत निष्कर्ष हाती आहेत, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. शेवटच्या क्षणापर्यंत इंजिन चालू होते, पंखे फिरत होते, यंत्रात दोष नव्हता. अपघातानंतर आपल्याकडे सर्वात आधी ऐकू येणारा शब्द मात्र असतो ‘तांत्रिक बिघाड’.

केदारनाथला त्या पहाटे काय झाले?

१५ जून २०२५, रविवार. आर्यन एव्हिएशनचे बेल ४०७ हेलिकॉप्टर पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी गुप्तकाशीहून उडाले आणि ५.१८ ला केदारनाथला उतरले. एका मिनिटात प्रवासी बसले आणि ५.१९ ला ते परत निघाले. आठ मिनिटांची वाट. ५.३० ते ५.४५ च्या दरम्यान गौरीकुंडजवळच्या जंगलात ते कोसळले. वैमानिकासह सातही जणांचा मृत्यू झाला. त्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचे एक कुटुंब होते : आई, वडील आणि त्यांची तान्ही म्हणावी इतकी लहान मुलगी.

नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाने त्याच दिवशी दिलेल्या निवेदनात बिघाडाचा उल्लेख नव्हता. दरीच्या तोंडाशी दाट ढग आणि कमी दृश्यमानता असतानाही हेलिकॉप्टर हवेत होते आणि हा ‘सीएफआयटी’ प्रकारचा अपघात असावा, असा प्राथमिक अंदाज त्यात होता. पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीनुसार कंपनीला त्या दिवशी दिलेली पहिली वेळ सकाळी ६ ते ७ ची होती. म्हणजे हे उड्डाण ठरलेल्या वेळेच्या आधीच झाले.

कंपनीची चारधाम सेवा थांबवण्यात आली. ट्रान्सभारत एव्हिएशनच्या दोन वैमानिकांचे परवानेही सहा महिन्यांसाठी निलंबित झाले, कारण त्याच सकाळी तशाच हवेत तेही उडाले होते. ही दुसरी कारवाई जास्त बोलकी आहे. एका वैमानिकाचा अंदाज चुकला, एवढ्यावर प्रकरण संपत नव्हते. त्या दरीत त्या हवेत उडणे ही एकट्याची गोष्ट नव्हती.

आर्यनचेच बेल ४०७ हेलिकॉप्टर १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथहून परतताना गरुडचट्टीजवळ कोसळले होते. तेव्हाही सात मृत्यू झाले होते आणि तेव्हाही हवा खराब होती.

‘सीएफआयटी’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द विमानवाहतुकीत रुळलेला आहे. मराठीत सांगायचे तर पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात असलेले, धडधाकट विमान किंवा हेलिकॉप्टर नकळत जमिनीवर, डोंगरावर किंवा पाण्यावर आदळणे. यातला महत्त्वाचा शब्द ‘नकळत’. समोर डोंगर आहे हे वैमानिकाला दिसत नाही. दिसतो तेव्हा वेळ उरलेली नसते.

देशातले सर्वात गाजलेले उदाहरण ८ डिसेंबर २०२१ चे. तमिळनाडूत कुन्नूरजवळ हवाई दलाचे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कोसळून संरक्षण दलप्रमुख जनरल बिपीन रावत यांच्यासह १४ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा घातपातापासून बिघाडापर्यंत सगळ्या शंका समाजमाध्यमांवर फिरल्या. जानेवारी २०२२ मध्ये तिन्ही दलांच्या चौकशीचे प्राथमिक निष्कर्ष आले, त्यांत घातपात, यांत्रिक बिघाड आणि निष्काळजीपणा या तिन्ही शक्यता फेटाळल्या होत्या. दरीतले हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही आणि ते डोंगरावर आदळले. दोन इंजिने, अनुभवी चमू आणि देशातला सर्वात महत्त्वाचा सैनिकी प्रवासी, यातले काहीही ढगापुढे उपयोगी पडले नाही.

ढगात शिरल्यावर वैमानिकाला काय होते?

डोळे मिटून एका पायावर उभे राहून पाहा. काही सेकंदांत तोल जाऊ लागतो. शरीराचा तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा किती मोठा आहे, हे त्यावरून कळते.

आपल्या आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला वळल्याची जाणीव होते. पण वळण संथ आणि एकसारखे असेल तर काही सेकंदांनी द्रवही नळीच्याच वेगाने फिरू लागतो आणि जाणीव थांबते. हेलिकॉप्टर कलंडत असते, वैमानिकाला मात्र ते सरळ चालले आहे असे वाटते. मग वळण थांबवले की उलट्या दिशेला वळल्याचा भास होतो आणि तो ‘दुरुस्त’ करायला जावे तर पुन्हा मूळ कलंडणे सुरू. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे हा गोंधळ लगेच मोडून काढतात. ढगात चहूबाजूंनी पांढरे असते. तिथे डोळे काहीच सांगत नाहीत आणि कान खोटे सांगतात.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये याचा एक प्रसिद्ध प्रयोग झाला. उपकरणे पाहून उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या स्थितीत विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांपेक्षा कमी.

आणि ते विमान होते. विमान साधारणपणे स्वतःहून सरळ राहू पाहते, लहान हेलिकॉप्टरचे तसे नसते. एक हात दिशा देणाऱ्या दांड्यावर, दुसरा उंची सांभाळणाऱ्या दांड्यावर, दोन्ही पाय पेडलवर, आणि चारही अवयव सतत थोडे थोडे हलते. स्वयंचलित स्थिरीकरण यंत्रणा नसलेले हेलिकॉप्टर हात सोडले की काही सेकंदांत वाकडे होते. ढगात गेल्यावर पॅनेलवरच्या काट्यांकडे पाहायचे, रेडिओवर बोलायचे, नकाशा पाहायचा आणि हे सगळे एकट्याने.

बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचा २६ जानेवारी २०२० चा अपघात म्हणजे या भासाचा पाठ्यपुस्तकात शोभावा असा नमुना आहे. भाड्याचे सिकोर्स्की एस-७६ बी हेलिकॉप्टर लॉस एंजेलिसजवळच्या टेकड्यांत ढगात शिरले. वैमानिकाने नियंत्रण कक्षाला कळवले की आपण ४ हजार फुटांवर चढतो आहोत. प्रत्यक्षात हेलिकॉप्टर डावीकडे वळत वेगाने खाली येत होते. नऊ जण गेले. काटेकोर वर्गीकरणात याला ‘ताबा सुटणे’ म्हणतात, ‘सीएफआयटी’ नाही; पण दोन्हींचे दार एकच, ढगात शिरण्याचे.

मग वैमानिक ढगात शिरतोच कशाला?

उडण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, बाहेर डोळ्यांनी पाहून : ‘व्हीएफआर’. दुसरी, उपकरणांच्या आधाराने आखून दिलेल्या मार्गाने आणि उंचीने : ‘आयएफआर’. दुसऱ्या पद्धतीसाठी हेलिकॉप्टरमध्ये तशी यंत्रणा, वैमानिकाकडे तसा परवाना आणि जमिनीवर तशी सोय लागते. गोल्फ मैदानावर, शेतात किंवा दरीतल्या हेलिपॅडवर उतरायचे तर तिथे ती सोय कुठून येणार? त्यामुळे आपल्याकडची बहुतेक चार्टर उड्डाणे पहिल्या पद्धतीने होतात. दिसत नसेल तर उडायचे नाही, हा या पद्धतीचा पहिला आणि शेवटचा नियम.

अडचण अशी की ढग भिंतीसारखा समोर उभा नसतो. आधी विरळ, मग थोडा दाट, एका बाजूला अजून उजेड. ‘जरा पुढे जाऊन बघू’ असे म्हणायला तेवढे पुरते.

इथे थोडे गणित. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. दृश्यमानता ५०० मीटर असेल तर समोरचा कडा दिसल्यापासून आदळेपर्यंत नऊ सेकंद मिळतात. त्यात ओळखायचे, ठरवायचे आणि वळायचे. ३० अंश कलून या वेगाने मागे फिरायला लागणाऱ्या वळणाची त्रिज्या भरते सुमारे ५४५ मीटर, म्हणजे दरी किमान ११०० मीटर रुंद हवी. तेवढी रुंद नसेल तर मागे फिरण्याचा पर्याय कागदावरच राहतो.

तेच हेलिकॉप्टर आधीच वेग निम्मा करून, ताशी १०० वर आणले असेल तर त्रिज्या निम्मी होत नाही, एक चतुर्थांश होते : सुमारे १३५ मीटर. पावणेतीनशे मीटरच्या दरीतही ते वळते. आणि हेलिकॉप्टरकडे विमानाजवळ नसलेला आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे दिसेल त्या मोकळ्या जागी उतरून बसणे. हेलिकॉप्टर कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ‘लँड अँड लिव्ह’ नावाची मोहीमच चालवली आहे. उतरा आणि जगा, इतका सरळ संदेश.

सरळ, पण पाळायला अवघड. एखाद्या शेतात नेत्याला किंवा उद्योगपतीला उतरवून ‘हवा सुधारेपर्यंत थांबू’ असे सांगणारा वैमानिक त्या दिवशी शहाणा ठरतो की नकोसा, हे कंपनीच्या वागण्यावर अवलंबून असते. ब्रायंट प्रकरणात अमेरिकेच्या तपास यंत्रणेने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. नामवंत ग्राहकाला वेळेत पोचवण्याचा दबाव वैमानिकाने स्वतःच स्वतःवर ओढून घेतला होता आणि कंपनीची सुरक्षा-देखरेख अपुरी होती, असे अहवालात म्हटले आहे. ग्राहकाने दबाव आणल्याचा पुरावा मिळाला नाही. दबाव आणावा लागतोच असे नाही.

केदारनाथमध्ये दबावाचा प्रकार वेगळा आहे, तो फेऱ्यांचा. गौरीकुंडापासूनची सुमारे १६ किलोमीटरची चढण टाळण्यासाठी माणसे रांगेत असतात. हंगाम मोजक्या महिन्यांचा, त्यात पावसाळ्याची सुट्टी आणि दिवसात हवा मोकळी असण्याचे तास थोडे. केदारनाथला हेलिकॉप्टर एक मिनिट टेकून परत निघते, ते उगीच नाही.

सह्याद्रीचा ढग आणि हिमालयाचा ढग

केदारनाथची उंची साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के. विरळ हवेत पंख्याला कमी उचल मिळते, इंजिनाची ताकदही घटते. म्हणून तिथे प्रवाशांना काट्यावर उभे करून वजन पाहतात. चूक झाली तर सावरायला ताकदीची जी शिल्लक लागते, ती तिथे कमी असते.

सह्याद्रीत ही अडचण जवळपास नाही. लोणावळा सहाशे-साडेसहाशे मीटरवर आहे. इथला प्रश्न ढगाच्या उंचीचा आहे, आणि तो उरण-न्हावा शेवाच्या रहिवाशांना रोज दिसतो. जुलैत बंदराच्या रस्त्यावरून पूर्वेला पाहिले तर कर्नाळ्याचा सुळका अर्धा गायब असतो, माथेरानचा डोंगर तर पूर्णच. खाली मात्र गाड्या व्यवस्थित चालू असतात.

कारण साधे आहे. समुद्रावरची दमट हवा घाटाला अडून वर चढते आणि थंड होते. तापमान आणि दवबिंदू यांतल्या दर एक अंश फरकामागे सुमारे १२५ मीटर चढल्यावर ढग बनू लागतो. किनाऱ्यावर २८ अंश तापमान आणि २५ अंश दवबिंदू असेल, तर ढगाचा तळ येतो जवळपास ३७५ मीटरवर. घाटमाथा त्याच्या बराच वर. म्हणजे खाली बंदरात सगळे स्वच्छ दिसत असतानाही घाटाची खिंड ढगाने बंद असू शकते. मुंबईची हवा ‘ठीक’ असणे आणि पुण्याची हवा ‘ठीक’ असणे या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या, तरी मधला रस्ता मोकळा असेलच असे नाही.

ऑक्टोबरची गोष्ट आणखी निराळी. पाऊस ओसरतो, रात्री आकाश निरभ्र, जमीन अजून ओली. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते आणि पहाटे खोलगट भागात धुके साचते. उन्हे वर आली की तास-दोन तासांत ते जाते. अशा सकाळी हातात सर्वात स्वस्त सुरक्षा-साधन असते ते म्हणजे थांबणे.

तारा आणि तात्पुरते हेलिपॅड

८ मे २०२५ रोजी उत्तरकाशीत गंगनानीजवळ एरोट्रान्स कंपनीचे बेल ४०७ कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला, एक जण वाचला. मृतांत मुंबईच्या यात्रेकरू महिला होत्या. विमान अपघात तपास विभाग अर्थात ‘एएआयबी’च्या प्राथमिक अहवालानुसार २४ मिनिटे उडाल्यानंतर हेलिकॉप्टर खाली येऊ लागले, वैमानिकाने गंगोत्री महामार्गावर उतरण्याचा प्रयत्न केला, पण पंख्याचे पाते रस्त्याला समांतर गेलेल्या केबलला लागले. पुढे ते सुमारे २५० फूट खोल दरीत गेले. उतरण्याचा निर्णय घेतला तरी जागा निर्धोक मिळेल याची हमी डोंगरात नसते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. २५ मे २०१७ रोजी निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच खाली येऊन तारांना लागले होते, सगळे बचावले. ३ मे २०२४ ला रायगडमध्येच, महाडला, सुषमा अंधारे यांना नेण्यासाठी आलेले हेलिकॉप्टर उतरताना कलंडले. सभेच्या आदल्या दिवशी चुन्याने आखलेला ‘एच’ म्हणजे हेलिपॅड, हा समज आता तरी सोडायला हवा.

समुद्रावर वेगळे नियम, डोंगरात वेगळे?

न्हावा येथे ओएनजीसीचा पुरवठा तळ आहे. तिथून जहाजे सामान घेऊन अरबी समुद्रातल्या तेलफलाटांवर जातात. माणसे मात्र जुहूहून हेलिकॉप्टरने जातात, तीही वर्षभर आणि पावसाळ्यातही. या उड्डाणांना दोन इंजिने, दोन वैमानिक आणि उपकरणांवर उडण्याची क्षमता लागते. प्रवासी लाइफ जॅकेट घालून बसतो आणि हेलिकॉप्टर पाण्यात उलटले तर बाहेर कसे पडायचे, याचे प्रशिक्षण त्याने प्रत्यक्ष तलावात बुडून घेतलेले असते.

याचा अर्थ समुद्रावर अपघात होत नाहीत असा नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले पवन हंसचे डॉफिन समुद्रात कोसळले आणि ओएनजीसीच्या पाच अधिकाऱ्यांसह सात जण गेले. २८ जून २०२२ ला पवन हंसचेच एस-७६ डी ‘सागर किरण’ रिगजवळ पाण्यात उतरले. नऊपैकी चौघांचा मृत्यू झाला, पाच जण वाचले. तरंगण्यासाठीचे फुगे उघडले, शेजारी रिग होती, नौका धावल्या.

केदारनाथच्या फेरीत एक इंजिन, एक वैमानिक आणि मागे-पुढे दाटीने बसवलेले सहापर्यंत प्रवासी. त्यांना मिळणारे प्रशिक्षण म्हणजे पंख्याखाली वाकून चाला आणि पट्टा लावा. फरक हवेच्या धोक्यात नाही. फरक इतकाच की समुद्रावरच्या प्रवासासाठी करार करणारी तेल कंपनी आपल्या अटी घालते. यात्रेकरूच्या वतीने अशा अटी घालणारे कोणी नसते. तो तिकीट काढतो आणि बसतो.

डोंगर ओळखणारे यंत्र असते ना?

असते. भूभागाचा नकाशा आणि उपग्रहाने कळणारे स्वतःचे स्थान जुळवून ‘समोर डोंगर आहे’ असा इशारा देणारी यंत्रणा हेलिकॉप्टरसाठी उपलब्ध आहे. अमेरिकेने ती हवाई रुग्णवाहिकांना २०१७ पासून सक्तीची केली, चार्टर हेलिकॉप्टरना मात्र नाही. ब्रायंट यांच्या हेलिकॉप्टरमध्ये ती नव्हती. तपास यंत्रणेचे मत मात्र असे की ती असती तरी त्या अपघातात फरक पडला नसता, कारण वैमानिकाचे दिशाभान आधीच गेले होते. शिवाय डोंगरात मुळातच जमिनीलगत उडावे लागते. तिथे यंत्र सतत ओरडत राहते आणि सतत ओरडणाऱ्या यंत्राकडे माणूस लक्ष देत नाही. त्यामुळे यंत्र बसवले की प्रश्न मिटला, असे मानण्यात अर्थ नाही.

अपघातानंतर शोध लागायला किती वेळ जातो?

गौरीकुंड, गंगनानी, बावधन या जागा लोकवस्तीपासून फार दूर नव्हत्या. दुर्गम डोंगरात तसे होत नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झाले, ते सापडायला दुसरा दिवस उजाडला. ३० एप्रिल २०११ रोजी तवांगहून निघालेले अरुणाचलचे मुख्यमंत्री दोर्जी खांडू यांचे हेलिकॉप्टर मिळाले ४ मे रोजी. दोन्ही शोधांत सरकारची सगळी यंत्रणा कामाला लागली होती.

केदारनाथमध्ये पुढे काय बदलले?

पावसाळ्यानंतर, १५ सप्टेंबर २०२५ पासून सेवा पुन्हा सुरू झाली ती नव्या अटींवर. फेऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आली. दऱ्यांत कॅमेरे, स्वयंचलित हवामान केंद्रे आणि रेडिओ संच बसवण्यात आले, हवाई वाहतूक नियंत्रक तैनात झाले. दरीचे तोंड बंद आहे की उघडे, हे उडण्याआधी पडद्यावर पाहण्याची ही सोय सात जण गेल्यावर आली. २०२२ च्या अपघातानंतरही ती करता आली असती.

प्रवाशाच्या हातात काय आहे? फार नाही, पण थोडे आहे. केदारनाथचे तिकीट आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरच काढावे. खासगी चार्टर घेताना कंपनीकडे ‘डीजीसीए’चा बिगर-अनुसूचित उड्डाणाचा परवाना आहे का, हेलिकॉप्टर एक इंजिनाचे की दोन, वैमानिक किती, हे विचारायला संकोच करू नये, परवानाधारकांची यादी ‘डीजीसीए’च्या संकेतस्थळावर असते. परतीच्या दिवशी पुढचे रेल्वे किंवा विमानाचे तिकीट काढून ठेवू नये, एक दिवस मोकळा ठेवावा. आणि हवेमुळे उड्डाण रद्द झाले तर काउंटरवर वाद घालू नये. तिथला आरडाओरडा पुढच्या फेरीच्या वैमानिकालाही ऐकू जातो.

तपासात कारण कळते का?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा लागतो. दोषी ठरवणे हा ‘एएआयबी’च्या तपासाचा हेतू नसतो, तो पोलिसांचा आणि न्यायालयाचा प्रांत. पण कारण शोधायला पुरावा लागतो आणि इथे आणखी एक पळवाट आहे. संभाषण व उड्डाणाची नोंद ठेवणारा ब्लॅक बॉक्स मोठ्या हेलिकॉप्टरना सक्तीचा असतो. बेल ४०७ सारखी हलकी हेलिकॉप्टर वजनाच्या त्या मर्यादेखाली येतात. मग तपास करणाऱ्यांच्या हाती राहतात अवशेष, जीपीएसच्या नोंदी, कोणी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि जंगलात गवत कापायला गेलेल्या एखाद्या माणसाने ऐकलेला आवाज.

महाराष्ट्रात या आघाडीवर काय आहे, हे पाहण्यासाठी पुन्हा बावधन-जुहू रेघेकडे यावे लागते. तिच्या कोकणाकडच्या टोकाला आता नवी मुंबई विमानतळ आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. पलीकडे मुंबई, अलीकडे पुण्याचे लोहगाव. विमानतळ म्हटला की दृश्यमानता, ढगाचा तळ आणि वारा यांची ठरलेल्या अंतराने नोंद होते आणि ती वैमानिकाला रेडिओवर मिळते. मधल्या घाटात विमानतळ नाही. त्यामुळे खंडाळ्याच्या खिंडीत ढग किती खाली आला आहे, याची तशी नोंद वैमानिकाला मिळत नाही. द्रुतगती मार्गावर वाहनांसाठी कॅमेरे आहेत. केदारनाथच्या दरीत जसे कॅमेरे लागले तसे सह्याद्रीच्या खिंडींत, वर आकाशाकडे तोंड करून लावायला, एका हेलिकॉप्टरच्या किमतीच्या तुलनेत फारसा खर्च येणार नाही.